पुसून घ्या

फळा वर्गात जाईना.

आडवा करून पाहिला, तिरका करून पाहिला. माझ्या सहकाऱ्याने, निरंजनने, पुण्याहून निघताना टेम्पोची मापं घेतली होती, शाळेच्या दाराची घेतली नव्हती. शेवटी गर्दीतून एक उंचापुरा माणूस पुढे आला. देविदास गावंडे त्याचं नाव. त्याने चौकटीकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "दार काढा लागन."

"शाळेचं दार?" मी म्हटलं.

"अख्खं गाव चाललं म्याडम, दाराचं काय घेऊन बसल्या."

त्याने पहार आणली, चौकट उचकटली, फळा आत गेला, आणि धामणटेकच्या पुनर्वसनाचं काम सुरू झालं. देविदासबद्दल पुढे काय सांगायचं ते सांगेनच, पण दार त्याने काढलं हे आधी सांगून टाकते. माणूस उपयोगी होता.

फळा म्हणजे भिंतभर मोठा टच स्क्रीन. आमच्या कंपनीच्या पत्रकात त्याचं नाव दीड ओळीचं होतं. गावाने एकदा बघून त्याला फळा म्हटलं, आणि आम्ही वाटलेल्या टॅबना पाट्या म्हटलं. दुसऱ्या दिवशी निरंजनने ऑफिसला कळवलं, "फळा आणि पाट्या व्यवस्थित." सरांचा फोन आला, "तुम्ही कुठल्या शाळेत गेला आहात?" आम्ही शाळेतच होतो, त्यामुळे फार बोलता आलं नाही.

काम असं होतं. धरणाचं पाणी गावावर येणार होतं आणि सात-आठ किलोमीटरवर नवं गावठाण आखून तयार होतं. रस्ते, शाळा, देऊळ, आणि बाकी सगळे रिकामे प्लॉट. फळ्यावर तो नकाशा दिसायचा आणि बाजूला घरांचे छोटे चौकोन, प्रत्येकावर नाव. कोणी कुठे राहायचं हे गावाने स्वतः ठरवायचं. गावात घरांच्या चार ओळी होत्या, म्हणून चार गट आणि चार पाट्या, प्रत्येक पाटी त्या ओळीच्या प्रमुखाकडे. गटाने बसून आपल्या पाटीवर चौकोन सरकवायचे, ते लगेच फळ्यावर सगळ्यांना दिसायचे, मग चर्चा, मग सहमती. मी या विषयात पदवी घेतली आहे. लोकांनी एकत्र बसून कसं ठरवावं, हे मला परीक्षा देऊन येतं.

पहिल्या दिवशी फळ्याला कोणी हात लावला नाही. "तुमीच करा ना म्याडम," म्हणत सगळे हाताची घडी घालून बसले. पाट्या हातात गेल्या तशी मात्र मंडळी खुलली. कोपऱ्याकोपऱ्यात डोकी एकत्र आली आणि फळ्यावर घरं हलायला लागली. एवढ्यात कुणाला तरी 'मागे घ्या' हे बटण सापडलं. पहिल्या ओळीने केलेलं दुसरी ओळ मागे घ्यायची, दुसरीचं तिसरी. दुपारपर्यंत गाव नुसतं पुढेमागे नाचत होतं. सरपंच भाऊराव मोहोड खुर्चीत बसून बघत होते. ते म्हणाले, "हे बटन काढून टाका, बाप्पा. अशानं तं धरन भरून जाईन." निरंजनने ऑफिसला फोन लावून ते बटण कायमचं काढायला लावलं. गाव शांत झालं. त्या बटणाची आठवण आम्हाला पुढे फार आली.

त्या दुपारी आम्ही घरोघर फिरलो. पहिल्याच घरात बाईंनी विचारलं, "चहा मांडू का?" आणि मी गोंधळले. मला वाटलं कप मांडणार आहेत. निरंजनने समजावलं, इकडे चहा करणं म्हणजे चहा मांडणं. पुढच्या तीन घरांतही मांडू का, मांडू का झालं आणि मी सराईतासारखी नको नको म्हणत गेले. शेवटचं घर देविदासचं. त्याची आई, पंचफुलाबाई, दारात बसली होती. पांढरे केस, कपाळावर हिरवं गोंदण, डोळे बारीक. तिने विचारलं, "चहा टाकू का?" तोवर तलफ आलीच होती. मी हो म्हणाले.

चहा घेऊन आली ती तिची मुलगी, शोभा. नवऱ्याने टाकलेली, दहा-बारा वर्षांपासून माहेरी. राहायची देविदासच्या मागच्या खोलीत, पण चूल वेगळी आणि दार वेगळं. सर्वेक्षणवाल्याने चूल बघून वेगळं घर धरलं होतं, म्हणून फळ्यावर तिच्या नावाचा स्वतंत्र चौकोन होता. आईचाही वेगळा होता, कारण म्हातारी आपली भाकरी आपण थापायची.

कप परत घेताना शोभा हळूच म्हणाली, "म्याडम, माह्यं घर रोडावर पाह्यजे."

"रस्त्याला लागून?"

"हो. पिठाची गिरणी टाकाची हाय. मागं असली तं दळण घेऊन कोन येईन?"

"मग तुमच्या ओळीच्या प्रमुखांना सांगा. त्यांच्याकडे पाटी आहे."

"त्याले सांगतलं."

"काय म्हणाले?"

"पाहू म्हने."

"कोण आहे तुमचा ओळप्रमुख?"

तिने बाहेर बघितलं. अंगणात देविदास आमच्या टेम्पोवाल्याला टायरातली हवा बघून देत होता.

दुसऱ्या दिवशी मी लक्ष ठेवून होते. दुसऱ्या ओळीची पाटी फिरली, चौकोन सरकले. देविदासचं घर रस्त्यावर, कोपऱ्याचा प्लॉट. शोभाचा चौकोन त्याच्या पाठीला चिकटून, तोंड त्याच्याच अंगणात. आईचा त्याच्या शेजारी. फळ्यावर कोणी सरकवलं त्याचं नाव यायचं, पण पाटीवरून सरकवलं की फक्त 'ओळ दोन' एवढंच यायचं. ओळ दोनने असं केलं, ओळ दोनने तसं केलं.

मी देविदासला बाजूला घेऊन विचारलं. तो जराही चिडला नाही.

"ते आमच्यातच हाय म्याडम. बहीन हाय माही. एकटी बाई रोडावर राहून काय करन?"

"त्यांना गिरणी टाकायची आहे म्हणे."

"टाकन ना. पुढंमागं टाकन. आता मागची जागा आमच्यातच असली म्हंजे ट्रॉली उभी कराले होते, ढोरं बांधाले होते."

"जागा त्यांची आहे."

"म्हून तं मागं ठेवली. बहिणीले काय बाहेर ठेवू?"

मी नियमाप्रमाणे सगळ्यांसमोर विचारलं, "शोभाताई, तुम्हाला हा प्लॉट मान्य आहे का?" दीडशे माणसं वळून बघायला लागली. तिने पदर ओढून घेतला आणि म्हणाली, "सर्वाइले पटते थे मले पटते." मी माझ्या अहवालात लिहिलं: सहमती झाली.

संध्याकाळी निरंजनने फळ्यावरची बटणं एकदा सगळ्यांना समजावून सांगितली. 'खुणा पुसा' म्हणजे बोटाने काढलेल्या रेघा जातात. 'सर्व पुसा' म्हणजे सगळंच जातं, त्याला कोणी हात लावायचा नाही. पंचफुलाबाई पुढच्याच रांगेत भिंतीला टेकून बसली होती, बत्तासा चघळत. मी त्या वेळी बाहेर लिंबाखाली सरांशी फोनवर बोलत होते. सर विचारत होते की लोकांचा सहभाग कसा आहे. मी म्हटलं, उत्तम.

तिसऱ्या दिवशी दुपारी सगळं ठरलं. संध्याकाळी तालुक्याहून साहेब येणार, नकाशावर सही होणार, प्लॉट पक्के. सही झाली की बदल नाही, हे साहेबांनी आधीच बजावलेलं. निरंजनने चारही पाट्या गोळा करून टेम्पोतून पुढच्या गावाला धाडल्या, कारण तिथे उद्यापासून हेच करायचं होतं. फळा तेवढा राहिला. तीन दिवसांच्या चर्चेत त्याच्यावर लाल-निळ्या रेघांचा, बाणांचा आणि फुल्यांचा गिचमिड काला झाला होता.

सरपंच उठले. "काही कोनाचं राह्यलं असन तं आता बोला. मंग मले म्हनू नका."

मी शोभाकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती. मी उगाच तिच्या आईला विचारलं, "आजी, तुमचं काही?"

पंचफुलाबाई भिंतीचा आधार घेऊन उभी राहिली. तिला वेळ लागला. मग तिने बोट फळ्याकडे केलं आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "माह्यं काय असते. फक्त पक्कं कराच्या आंदी एकडाव सगळं पुसून घ्या."

बरोबरच होतं. साहेबांना असा बरबटलेला नकाशा काय दाखवायचा? मी फळ्यापाशी गेले, दोन बटणं शेजारी शेजारी होती, त्यातलं 'सर्व पुसा' दाबलं. फळ्याने विचारलं, 'खात्री आहे का?' हा प्रश्न मला दिवसातून पन्नास वेळा विचारला जातो. मी 'हो' दाबलं.

"अगं, ते नको," निरंजन म्हणाला.

रेघा गेल्या. बाण गेले. चौकोनही गेले. अख्खं गाव नकाशावरून निघून बाजूच्या ढिगात जाऊन पडलं, पहिल्या दिवशी होतं तिथे. नवं गावठाण फळ्यावर स्वच्छ, रिकामं दिसत होतं. देऊळ तेवढं जागेवर राहिलं होतं.



"म्याडम," देविदास म्हणाला, "हे काय केलं?"

"आजी म्हणाल्या ना, पुसून घ्या."

"पुसून घ्या म्हंजे इचारून घ्या! सगळ्याइले एकडाव इचारून घ्या! आमच्याकडं पुसनं म्हंजे इचारनं!"

मागून कोणीतरी हसलं. मग सगळे हसले. पुण्याची बाई, पुसून घ्या म्हटलं तर गाव पुसून टाकलं. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या, सरपंचांना ठसका लागला. मला कान गरम झाल्याचं आठवतं. पंचफुलाबाई तेवढी हसत नव्हती. ती आपल्या जागी बसली आणि म्हणाली, "मले काय मालूम बाप्पा, त्याइच्यात पुसनं कशाले म्हनते."

निरंजन ऑफिसला फोन लावत होता. पलीकडून सांगितलं गेलं, की 'मागे घ्या' आम्हीच काढायला लावलं आहे.

"पाट्या?" मी विचारलं.

"टेम्पोत."

"टेम्पो?"

"पोचला असेल तिकडे."

साहेब यायला दोन-अडीच तास होते. आता एकच मार्ग उरला होता. फळ्यावर एक काळ्या ठिपक्यांचा क्यूआर कोड असायचा, तो मोबाइलने टिपला की मोबाइलचीच पाटी व्हायची. ही सोय आम्ही आधी वापरली नव्हती, कारण ओळप्रमुखांना ती नको होती. शंभर हात झाले की गोंधळ होतो, असं चौघांचंही मत पडलं होतं आणि आम्हाला ते पटलं होतं. आता दुसरा उपाय नव्हता. मी सांगितलं, "प्रत्येक घराने आपल्या मोबाइलवरून आपला चौकोन ठेवायचा. आधी ठरलं होतं तिथेच. मोबाइल नसेल त्यांनी फळ्यावर येऊन बोटाने."

आधी ठरलं होतं तिथेच, असं मी स्पष्ट म्हटलं होतं.

माणसं मोबाइल वर करून उभी राहिली. चौकोन एकेक करून ढिगातून सुटायला लागले आणि प्रत्येकाबरोबर आता नाव यायला लागलं. 'भाऊराव मोहोड यांनी सरकवलं.' 'सुधाकर तायडे यांनी सरकवलं.' बरेचसे आधीच्याच जागी गेले. काही गेले नाहीत. दोन सख्खे भाऊ आधी शेजारी होते, त्यांच्यातल्या धाकट्याचा चौकोन थोडा थांबला, मग हळूहळू देवळाच्या पलीकडे गेला. थोरला बघत होता. मोबाइलवर काम करणाऱ्या माणसाला मध्येच बोलायचं नसतं असं सगळ्यांनी ठरवल्यासारखं झालं होतं.

मग फळ्यावर आलं: 'शोभा गावंडे यांनी सरकवलं.'

तिचा चौकोन रस्त्याला लागून बसला. वडाच्या झाडासमोर, बसथांब्याजवळ. गिरणीला याच्याहून चांगली जागा त्या नकाशात नव्हती.

ती दाराशी उभी होती, मोबाइल दोन्ही हातांत धरून. जिथे दार होतं तिथे.

क्षणभराने चौकोन हलला. रस्त्यावरून उठला आणि देविदासच्या पाठीमागे जाऊन बसला. फळ्यावर आलं: 'देविदास गावंडे यांनी सरकवलं.'

सगळ्यांनी वाचलं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना शेजाऱ्याने वाचून दाखवलं.

चौकोन पुन्हा रस्त्यावर आला. 'शोभा गावंडे यांनी सरकवलं.'

पुन्हा मागे गेला. 'देविदास गावंडे यांनी सरकवलं.'

हे किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. भाऊ एका भिंतीला, बहीण दुसऱ्या बाजूला, दोघांच्या माना मोबाइलमध्ये, आणि मध्ये दीडशे माणसं फळ्याकडे तोंड करून. या तीन दिवसांत 'ओळ दोन'ने हे सगळं केलं होतं आणि कोणाला काही वाटलं नव्हतं. आता प्रत्येक वेळी त्याचं पूर्ण नाव येत होतं, आडनावासकट. शोभाचा चौकोन रस्त्यावर जाताना वाटेत वेडावाकडा फिरायचा. पण जायचा.

"देविदासभाऊ," सरपंच शेवटी म्हणाले, फळ्यावरून नजर न काढता, "ज्याचं त्यानं सरकवाचं, असं ठरलं ना?"

"ते आमच्यातच हाय," देविदास म्हणाला.

तेव्हा पंचफुलाबाई उठली. तिच्याकडे मोबाइल नव्हता. ती रांगेतून वाट काढत फळ्यापाशी गेली, पदराला बोट पुसलं, ढिगातला आपल्या नावाचा चौकोन शोधला आणि बोट दाबून धरलं. सुटला की पुन्हा पकडायची. पहिल्यांदा तो देवळात गेला, लोकांनी "आजी, खाली, खाली" म्हटलं. मग तिने तो हळूहळू रस्त्याने ओढत नेला आणि बसथांब्याजवळ जिथे शोभाचा चौकोन पुन्हा पुन्हा येऊन गेला होता, त्या रिकाम्या जागेशेजारच्या प्लॉटवर ठेवला. वळली आणि मुलाकडे बघितलं.

"मीही बाहेरची झाली का रे आता?"

देविदासने मोबाइल खिशात घातला. शोभाचा चौकोन रस्त्यावर आला आणि आईच्या चौकोनाला चिकटून तिथेच राहिला.

साहेब आले, चहा प्याले, सही केली. "फार स्वच्छ नकाशा आहे," म्हणाले. देविदासने आमचा फळा बाहेर काढायला हात लावला. मग चौकट पुन्हा बसवून दिली. शाळा बुडणारच होती, तरी बसवली.

पुढे मी या कामात बरीच गावं पाहिली आणि वऱ्हाडी बऱ्यापैकी समजायला लागली. नवीन मुलं कामाला आली की मी त्यांना धामणटेकचा किस्सा सांगते. बोली नीट शिका, नाहीतर एका शब्दापायी गाव पुसून बसाल. मुलं हसतात. या किश्शावर माझं बरं नाव झालं आहे.

गेल्या वर्षी त्या बाजूला गेले होते, म्हणून मुद्दाम नव्या धामणटेकला थांबले. वडासमोर गिरणी चालू होती. बाहेर देविदास पोत्यांवर बसून दळणं घेत होता आणि गिऱ्हाइकाला सांगत होता, "आमचीच हाय गिरनी." शोभाच्या भुवयांवर पीठ होतं. शेजारच्या घराच्या ओट्यावर पंचफुलाबाई बसली होती, आणखी लहान झालेली. तिने मला ओळखलं.

"आल्या का पुसनाऱ्या म्याडम."

मी तिला सांगितलं, की तुमची गोष्ट मी सगळीकडे सांगते. एका शब्दाने कसा घोळ झाला ते. ती मान हलवत ऐकत होती. मग गिरणीकडे तोंड करून म्हणाली, "शोभे, चहा टाक."

मी इतक्या वर्षांत वऱ्हाडात शेकडो कप चहा प्यायले आहे. सगळा मांडलेला.

"आजी," मी म्हटलं, "तुम्ही चहा टाक म्हणता?"

ती ऐकू न आल्यासारखी बसली. शोभा खुर्ची आणि छोटं टेबल घेऊन आली. त्याच्यावर पिठाचा थर होता.

"अगं, ते टेबल पुसून घे आधी," पंचफुलाबाई म्हणाली. शब्द असे आले, की डोळे मिटले असते तर मला पुण्यात बसल्यासारखं वाटलं असतं.

शोभा फडकं आणायला गेली. मी म्हातारीकडे बघत राहिले.

"काय पाह्यता?" ती म्हणाली. "टेबलाले काय इचारून घेईन थे?"

"तुम्ही पुण्यात होतात?"

"कोथरूडात. देविदासचा बाप गेल्यावर. नऊ वर्सं एका बाईकडं कामाले होती. रोज सकाळी एकच. पंचफुला, सगळं नीट पुसून घे." तिने पदराने डोळ्यांच्या कडा टिपल्या. रडत नव्हती, पीठ गेलं असावं. "फरशी, ओटा, खिडक्या. नऊ वर्सं."

"आजी, हे तुम्ही मला तेव्हा सांगितलं नाहीत."

पंचफुलाबाईने शोभाच्या गिरणीकडे बघितलं, पट्टा फिरत होता, दळणाचे डबे रांगेत लागले होते. मग माझ्याकडे बघितलं.

"तुमी पुसलं कधी?"